सदर काळात मी घरीच होतो

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मला पालक शोधावा लागला. या वयात माणूस जावई शोधतो, निदान चष्मा तरी शोधतो. पण अर्जाच्या तिसऱ्या पानावर 'पालकाची सही' अशी एक चौकट होती आणि ती मोकळी राहिल्यास अर्ज बाद होईल असं तिच्याखाली ठळक अक्षरांत छापलं होतं. सरकारी कचेरीत एकवीस वर्षं काढलेल्या माणसाला मोकळी चौकट सहन होत नाही. वडील वारले, आई त्यांच्याही आधी गेली. मग पालक आणायचा कुठून?

अर्ज वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशाचा होता आणि विद्यार्थी मी स्वतः होतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे नव्वद साली, जून-जुलैत मला हे निदान दोनशे वेळा सांगावं लागलं आणि दरवेळी समोरच्याने ऐकून घेऊन मुलगा कितवीला आहे असंच विचारलं.

मी जळगावला आरोग्य खात्याच्या एका कचेरीत वरिष्ठ लिपिक. रक्ताचे नमुने किती घेतले, किती तपासले, किती दूषित निघाले, याचे तक्ते भरणं हे माझं काम. एकवीस वर्षांत कागदावर मी जेवढं रक्त इकडचं तिकडे केलं तेवढं एखाद्या लढाईतही सांडलं नसेल. त्या मे महिन्यात आमच्याकडे चोवीस वर्षांचे एक डॉक्टर साहेब म्हणून आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या तक्त्यातली चूक काढली. चूक त्यांचीच होती, ती मी नम्रपणे दाखवून दिली. त्यावर ते अजिबात न रागावता म्हणाले की वाघुळदे, तुम्ही बेरजा करा, त्यातलं वैद्यकीय आम्ही बघू.

रागावून म्हणाले असते तर मी विसरलो असतो. ते वाक्य मी घरी घेऊन आलो. जेवताना ते ताटाशेजारी बसलं होतं. कारण सदुसष्ट साली मी इंटर सायन्स, जीवशास्त्राचा बी ग्रुप घेऊन, झालो तेव्हा मेडिकलला लागतील एवढे मार्क मला होते. वडिलांनी आठ दिवस विचार केला आणि नाही म्हणाले. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या घरात वडिलांना कारण विचारण्याची पद्धत नव्हती. मग दोन वर्षं केळीच्या बागेत, आणि त्यानंतर ही कचेरी. आयुष्यात तेवढं एक राहिलं, असं मी कधी कुणाला बोललो नव्हतो. त्या आठवड्यात मात्र बोललो, आणि नेमकं तोतारामजवळ बोललो.

तोताराम माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो आणि सेवाज्येष्ठतेच्या यादीत माझ्या लगेच खाली आहे. आमचे हेडक्लार्क एकतीस जुलैला निवृत्त होणार होते. त्यांच्या खुर्चीवर यादीप्रमाणे मी जाणार, ही गोष्ट कचेरीतल्या पाट्यांइतकी पक्की होती. मी अकरा वर्षं त्या खुर्चीकडे बघत होतो. तोतारामही बघत होता, पण माझ्या पाठीमागून.

दुसऱ्याच दिवशी तोतारामने वर्तमानपत्राचं कात्रण आणून माझ्यापुढे ठेवलं. धुळ्याला सुरत रस्त्यावर 'पांझराकाठ वैद्यकीय महाविद्यालय' नावाचं नवीन कॉलेज निघालं होतं. त्याच्या संस्थापक अध्यक्षांना लहानपणी डॉक्टर व्हायचं होतं, पण थोरल्या भावाने त्यांना जिनिंग फॅक्टरीत घातलं. ती सल म्हणून त्यांनी नियमावलीत एक कलम टाकलं होतं: परिस्थितीवशात शिक्षण खंडित झालेल्या उमेदवारासाठी एक जागा राखीव, जुने इंटर सायन्स चालेल, वयाची अट नाही. मी ते तीनदा वाचलं. तोताराम म्हणाला की भाऊसाहेब, ही जागा तुमच्यासाठीच आहे. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पुढे मला कळलं की ते खरं होतं. अकरा वर्षांत त्याला पहिल्यांदाच आशा दिसली होती.

जागा मिळाली तर नोकरी सोडायची, हेडक्लार्कची खुर्ची सोडायची आणि पाच वर्षं अठरा वर्षांच्या पोरांबरोबर बाकावर बसायचं, हा हिशोब मला येत होता. मी तो दोन दिवस मांडला आणि दोन्ही दिवस उत्तर एकच आलं. मला जायचं होतं. घरी सौ. सुमनला सांगितलं. तिने वसतिगृहात जेवण मिळतं का एवढंच विचारलं. मिळतं म्हटल्यावर तिचा विरोध मावळला.

तोतारामने त्या महिन्यात माझ्यासाठी जे केलं ते सख्ख्या भावाने केलं नसतं. सरकारी नोकराने कुठेही अर्ज करायचा तर कचेरीचं ना-हरकत पत्र लागतं, आणि आमच्या कचेरीत कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर जायला पावसाळा-हिवाळा लागतो. माझं ना-हरकत पत्र तोतारामने एका दुपारी पाच टेबलांवरून फिरवून, सह्या-शिक्क्यांसह चार वाजता माझ्या हातात ठेवलं. शिपाई उठून उभा राहिला. असा कागद त्याने कधी पळताना पाहिला नव्हता. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की श्री. गिरधर पुंजाजी वाघुळदे हे या कार्यालयात एकवीस वर्षांपासून सलग सेवेत असून त्यांच्या प्रवेशास हरकत नाही.

दुसरा कागद खंडाच्या शपथपत्राचा. शिक्षण सोडल्यापासून आजवर मधली वर्षं कुठे होता, हे स्टँपपेपरवर शपथेने लिहून द्यायचं. त्याचा नमुना अर्जाला जोडलेलाच होता. तोतारामने तो कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून टाइप करून आणला आणि सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली मारून दिली. इथे आमच्या कचेरीची एक पद्धत सांगायला हवी. जिथे पेन्सिलीची फुली तिथे सही. फुली मारणाऱ्याने वाचलेलं असतं, सही करणाऱ्याने परत वाचणं म्हणजे फुली मारणाऱ्याचा अपमान. साहेब असेच सही करतात, त्यांचे साहेब असेच करतात, आणि खातं नीट चालतं. मी तोतारामचा अपमान केला नाही.

तिसरा कागद चारित्र्याचा. तो शेवटच्या शिक्षणसंस्थेच्या प्राचार्यांनी द्यायचा. ज्यांनी मला पाहिलं होतं ते प्राचार्य दिवंगत होऊन बारा वर्षं झाली होती. त्यांच्या जागी आलेले गृहस्थ माझ्याहून लहान निघाले. त्यांची अडचण रास्त होती. न पाहिलेल्या माणसाच्या वर्तणुकीबद्दल सही कशी करायची? शेवटी त्यांनी तोडगा काढला. मला त्यांच्या खोलीत समोरच्या खुर्चीवर अर्धा तास बसवून ठेवलं आणि स्वतः डाक बघत राहिले. मधूनमधून मान वर करून माझ्याकडे पाहायचे. पंचविसाव्या मिनिटाला मला शिंक येत होती, ती मी दाबली. निघताना त्यांनी लिहून दिलं की उमेदवाराची वर्तणूक माझ्या निदर्शनास आली त्या काळात समाधानकारक होती.

आता राहिली ती मोकळी चौकट. सुमन म्हणाली, मी करते सही, एरवी तुम्हाला सांभाळतं तरी कोण? मी धुळ्याला ट्रंककॉल लावून विचारलं. तिकडच्या कारकून बाईंनी सांगितलं की पत्नी चालणार नाही, कारण पत्नीचे पालक तुम्हीच असता, आणि तुम्हाला तर पालक नाही. वडीलधारा पुरुष नातलग हवा आणि प्रवेशाच्या दिवशी तो समक्ष हवा. असा एकच माणूस शिल्लक होता, वरणगावचे उखर्डू नाना. वडिलांचे धाकटे भाऊ, वय अडुसष्ट, वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त, आणि महिन्याच्या महिन्याला पेन्शन घेणारे. पेन्शन हा नानांचा धर्म होता. पेन्शन नसलेल्या माणसाशी ते बोलत, पण बसायला सांगत नसत.

मी वरणगावला जाऊन अर्ज पुढे ठेवला आणि सहीची जागा दाखवली. फुलीसुद्धा मारून ठेवली होती. नाना आमच्या खात्यातले नसल्यामुळे त्यांनी अर्ज पहिल्या ओळीपासून वाचून घेतला. 'पालक या नात्याने मी पाल्याच्या अभ्यासाची, वर्तणुकीची व हजेरीची जबाबदारी घेतो' या वाक्यापाशी ते थांबले. ते त्यांनी माझ्याकडून परत वाचून घेतलं. मग सही केली, पिशवीत दोन धोतरं टाकली आणि मला म्हणाले, "चाल. जिमेदारी घेतली तं निस्ती सही करून भागत नाही."

नाना आमच्या घरी दीड महिना राहिले.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझं पुस्तक विचारलं. अजून प्रवेशच नाही तर पुस्तक कसलं, हे त्यांना पटलं नाही. डागदरकी शिकायला निघालेला पोरगा आणि घरात पुस्तक नाही म्हणजे लक्षण ठीक नाही. शेवटी माळ्यावरून माझं इंटरचं प्राणिशास्त्र काढलं. कसरीने बेडकाचे मागचे पाय खाल्ले होते, बाकी बेडूक शाबूत होता. कचेरीतून आल्यावर हातपाय धुऊन मी त्या बेडकासमोर बसायचं आणि नानांनी दारातल्या खुर्चीवर बसून माझ्याकडे पाहायचं, असा क्रम लागला. डोळा लागला की ते काठी जमिनीवर आपटत. सिनेमा बंद, पान बंद, कोपऱ्यावर मित्रांशी उभं राहणं बंद. एकदा मला कचेरीत सव्वासहा वाजले तर नाना ओट्यावर उभे होते, आणि आख्खी गल्ली ऐकत असताना त्यांनी मला विचारलं की कोनासंग व्हता रे. आमची दोन्ही मुलं त्या दिवसांत फार आनंदात होती. घरात प्रथमच त्यांच्याखेरीज आणखी कुणाला तरी अभ्यासावरून बोलणी बसत होती.

शेजारच्या वच्छलाबाईंनी तर प्रवेशाची वाट पाहिली नाही. अर्ज पोस्टात पडला त्या संध्याकाळी त्या गुडघा घेऊन आल्या. मी सांगितलं की मावशी, मी अजून कुणी नाही. त्या म्हणाल्या की ते ठाऊक आहे भाऊ, पण पुढे तुम्ही मोठे झाल्यावर गर्दीत नंबर लागायचा नाही, आताच बघून ठेवा. मी बघून ठेवला. गुडघा सुजलेला होता, एवढं मला बेडकाच्या आधारानेही सांगता आलं. मीठ टाकून गरम पाण्याने शेका म्हटलं. दुर्दैवाने त्यांना दोन दिवसांत आराम पडला. त्यानंतर आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी सात-आठ माणसं दिसू लागली. नाना त्यांना रांगेत बसवत आणि पोराच्या अभ्यासाची वेळ झाली की हाकलून देत. आतल्या खोलीत पुस्तकाआडून मला ते सगळं ऐकू येई, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटे. एकवीस वर्षं मी लोकांचं रक्त मोजत होतो. माझ्या शेजारी येऊन कुणी कुठे दुखतंय ते सांगितलं नव्हतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात यादी वर्तमानपत्रात आली. राखीव जागेच्या मथळ्याखाली दोन नावं होती. पहिलं वाघुळदे गिरधर पुंजाजी, दुसरं प्रतीक्षायादीतलं. वय छापलेलं नव्हतं. प्रवेश पंधरा तारखेला, मूळ कागदपत्रांसह, पालक समक्ष. मी कचेरीत पोहोचलो तेव्हा तोतारामने पेढे आणलेले होते. साहेबांनीही पेढा खाल्ला आणि अभिनंदन वाघुळदे म्हणाले, पण कशाबद्दल ते त्यांच्या नीट लक्षात आलं नसावं.

आमच्या खानदेशात मेडिकलची यादी दोन प्रकारचे लोक वाचतात. एक, ज्यांनी अर्ज केलेला असतो ते. दोन, ज्यांच्या घरात लग्नाची मुलगी असते ते. दुसरे जास्त काळजीपूर्वक वाचतात. यादी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिरपूरकडचे एक कापसाचे बागायतदार, वनाभाऊ, पत्ता काढत आमच्या दारात उभे राहिले. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, हातात वर्तमानपत्राची घडी. जात, पोटजात, भाषा काहीच जुळत नव्हतं, पण डॉक्टरच्या बाबतीत आपण तेवढं बघत नाही असं त्यांनीच सांगून टाकलं. सुमनने पाणी दिलं, मी बसा म्हटलं. त्यांनी मला मुलाचा बाप धरलं आणि नानांना आजोबा. घर बघितलं, ओट्यावरची रांग बघितली आणि खुश झाले.

"पोऱ्या कोठे शे?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. पण पालकांच्या देखत पाल्याने बोलू नये हा नियम महिनाभरात माझ्या अंगवळणी पडला होता. मी नानांकडे पाहिलं.

"आभ्यासातून उठून आला आता," नाना म्हणाले. यात खोटं काही नव्हतं.

वनाभाऊंनी आतल्या खोलीकडे आदराने पाहिलं. मुलगा यायचं काही चिन्ह दिसेना तेव्हा ते मुद्द्यावर आले. "आमले घाई नही, आबा. पोर कॉलेजमा शे, गुणी शे. पाच वरीस थांबसूत. फक्त सुपारी फोडी ठेवूत."

सुमन चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी होती. नानांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काठी दोन्ही हातांत धरली आणि जबाबदार पालकाने जे म्हणावं तेच म्हणाले, "आमच्या पोराचं शिक्शन पुरं होयस्तोवर घरात लगनाचं नाव निघनार नाही."

हे ऐकून वनाभाऊ अतोनात प्रभावित झाले. अशी शिस्त आजकाल राहिली नाही म्हणाले, चहा प्याले, नानांच्या पाया पडले आणि मुलीचा फोटो सुमनच्या हातात देऊन गेले. मी नानांना विचारलं की लग्न झालंय एवढं सांगायला काय हरकत होती. ते म्हणाले, त्यांनी इचारलं कोठी? सुमनने फोटो उजेडात धरून पाहिला, मुलगी चांगली आहे म्हणाली आणि कपाटात जपून ठेवला. का ठेवला ते मी अजून विचारलेलं नाही. त्या आठवड्यात आणखी तीन स्थळं आली.

पंधरा जुलैला मी आणि नाना धुळ्याला गेलो. मी राजीनाम्याचा मसुदा खिशात ठेवला होता. प्रवेश पक्का झाला की तिथूनच पोस्टात टाकायचा, म्हणजे मन फिरायला वेळ नको. कॉलेजच्या व्हरांड्यात मुलं-मुली आणि त्यांचे बाप उभे होते. एका बापाने मला रांगेत शेजारी जागा करून दिली आणि चिरंजीव दिसत नाहीत म्हणाला. नानांनी माझे केस हाताने सारखे केले.

टेबलावर त्याच ट्रंककॉलवाल्या कारकून बाई होत्या. कुंदाबाई असं त्यांना सगळे म्हणत होते. त्यांनी माझे कागद एकेक करून पाहिले, वर्तणुकीच्या दाखल्याला मान हलवली आणि मग दोन कागद बाजूला काढून शेजारी शेजारी ठेवले. एक शपथपत्र, दुसरं ना-हरकत पत्र. त्या कागदांकडे पाहण्याची त्यांची पद्धत माझ्या ओळखीची होती. मीही तक्त्यातली चूक सापडली की असाच बघतो.

त्यांनी मला शपथपत्र वाचायला दिलं. मी ते पहिल्यांदाच वाचत होतो. त्यात लिहिलं होतं की मी, खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की सन १९६७ पासून आजतागायत परिस्थितीवशात माझे शिक्षण खंडित असून सदर काळात मी कोणतीही नोकरी, धंदा अथवा व्यवसाय केलेला नाही. सदर काळात मी घरीच होतो.

खाली माझी सही होती. पेन्सिलीची फुलीसुद्धा अजून दिसत होती.

कुंदाबाई शांत बाई होत्या. त्यांनी समजावून सांगितलं की अध्यक्षांची ही जागा मधल्या काळात ज्याला काहीच करता आलं नाही त्याच्यासाठी आहे, म्हणून नमुना असा आहे. आता दोहोंपैकी एक कागद खोटा. शपथपत्र खरं असेल तर ना-हरकत पत्र मागे घ्या, एकवीस वर्षं कोणतीही नोकरी नव्हती असं लिहून द्या आणि आत्ता प्रवेश घ्या. ना-हरकत पत्र खरं असेल तर शपथपत्र मागे घ्या, जागा प्रतीक्षायादीतल्याला जाईल. तो माणूस मागे भिंतीला टेकून उभा होता. चाळिशीचा, किडकिडीत, खरोखरच तेवीस वर्षं घरी असल्यासारखा दिसणारा.

एकवीस वर्षं नव्हती असं लिहून द्यायचं म्हणजे हेडक्लार्कची खुर्ची तर गेलीच, पण पेन्शन, फंड, सेवापुस्तक, सगळंच गेलं. रक्ताचे ते सगळे तक्तेही कुणी भरलेच नाहीत असं झालं. मी क्षणभर विचार केला. खरं सांगतो, क्षणभरच. मग मी खिशातून पेन काढलं आणि म्हटलं, "नोकरी नव्हती. लिहून देतो."

कुंदाबाईंनी कागद माझ्या हाताखालून ओढून घेतला. "तुम्ही नाही," त्या म्हणाल्या. "हे पालकांनी द्यायचं असतं."

मी नानांकडे पाहिलं. नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि दोन्ही कागद माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतले. सगळा व्हरांडा ऐकत होता. 'सदर काळात मी घरीच होतो' इथे मागे कुणीतरी हसलं. वाचून झाल्यावर नाना माझ्याकडे वळले.

"शिकून काय करशीन?"

"डॉक्टर होईन."

"मंग?"

"मग सरकारी दवाखान्यात लागेन."

"म्हनजे नोकरीच ना?" नाना म्हणाले. "ते तं हाये तुले. पेन्शनीची हाये."

मी सांगायचा प्रयत्न केला. गुडघा, ओट्यावरची रांग, तुम्ही बेरजा करा, हे सगळं एकदम तोंडात आलं आणि त्यातलं एकही वाक्य धड बाहेर पडलं नाही. माझा आवाज चिरका झाला. बेचाळिसाव्या वर्षी आवाज फुटतो हे प्राणिशास्त्रात कुठे दिलेलं नाही. मी नानांना म्हणालो की मला जायचंय, नाना. नुसतं एवढंच. शेजारचा बाप खाली मान घालून आपल्या मुलाचे कागद चाळू लागला.

नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि माझ्याशी न बोलता कुंदाबाईंशी बोलले. "बाई, ते शपथीचं परत करा. पोरगं एकवीस वरसं इमानानं नोकरीले जातं. मी त्याचा पालक हाये, मी सही करतो."

त्यांनी सही केली. फुलीबिली न मारता, स्वच्छ मोठ्या अक्षरांत. भिंतीला टेकलेल्या माणसाला कुंदाबाईंनी नावाने हाक मारली तेव्हा तो दचकला. त्याच्याबरोबर पालक म्हणून त्याची थोरली बहीण होती. कुंदाबाईंनी ती चालवून घेतली.

पुढे एक ऑगस्टला मी हेडक्लार्क झालो, तोताराम तीन दिवस आजारी रजेवर गेला आणि साहेबांनी तक्त्यांतलं वैद्यकीय पूर्वीप्रमाणेच बघितलं. ते सगळं रीतसर झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. त्या दिवशी मात्र परतीच्या एस.टी.त मी खिडकीची जागा धरली आणि धुळ्यापासून पारोळ्यापर्यंत नानांशी एक शब्द बोललो नाही. दोन्ही बाजूंना कोवळी कपाशी होती. मी ती बघत होतो. मला ती दिसत नव्हती.

पारोळा सुटल्यावर नानांनी घसा साफ केला. "रागावला का रे?"

मी बाहेर पाहिलं.

"सदुसष्ट सालीबी आसाच रागावला व्हता तू. आठ दिवस जेवला नाही धड." नाना समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत म्हणाले. "तव्हा तुह्या बापानं मलेच इचारलं व्हतं. पोराले डागदरकीले धाडू का म्हने. मी नवीनच कारखान्यात लागेल व्हतो."

मी मान वळवली. "मग?"

"तव्हाबी हेच सांगतलं. शिकून नोकरीच कराची तं सरळ नोकरीलेच लाव."

गाडीच्या काचा खडखडत होत्या. मग मी विचारलं की नाना, आणि तुमचं तेव्हा चुकलं असेल तर?

नानांनी ही गोष्ट कधी मनात आणली नसावी. त्यांनी ती आता आणली, प्रामाणिकपणे, काठीवर हनुवटी टेकवून, चांगली चार-पाच मैल. "मले नाही वाटत," ते शेवटी म्हणाले. "पन चुकलं आसन तं दोन्ही येळा सारखंच चुकलं. मी काही बदललो नाही."

एरंडोलला गाडी दहा मिनिटं थांबली. नानांनी विचारलं की भूक लागली का. बेचाळीस वर्षांच्या माणसाने अशा वेळी काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं, म्हणून अठरा वर्षांच्या मुलाने जे केलं असतं तेच मी केलं. नाही म्हणालो. नाना काठी टेकत खाली उतरले आणि वर्तमानपत्राच्या कागदात भजी घेऊन आले. त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली आणि मी त्यांच्याकडे न बघता सगळी खाल्ली.